ध्रुवाच्या पाण्याचं मावंदं

मुलांनो, तुमची आत्या, माझी लेक, उत्तर ध्रुवाकडच्या जुन्या बर्फाचा अभ्यास करून परत आली तेव्हा मी घरी मावंदं घातलं. काशीहून आलेल्या माणसाने गंगेचा गडू पुजायचा आणि शेजारपाजाऱ्यांना जेवायला घालायचं, अशी आपल्याकडची रीत. आमच्या माधवनगरातून इतक्या लांब कोणी गेलं नव्हतं, आणि ते मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

जाताना मी तिच्याकडे बाटलीभर बर्फाचं पाणी मागितलं होतं. ती रिकाम्या हाताने आली. म्हणाली, तिथे कापलेला बर्फ खोक्यांतून थेट प्रयोगशाळेत जातो. एका तुकड्याच्या नोंदीत शंका आली तर तिने तो स्वतःच बाद केला होता. पहिल्या खेपेला जिथे तिचा तंबू होता, तिथे आता नुसतं पाणी आहे; ते सांगताना तिचा आवाज उतरला. मी मात्र ध्रुवाचं पाणी येणार म्हणून बायकांना कधीच सांगून बसले होते. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी फ्रिजमधला बर्फ तांब्याच्या गडूत टाकला. ध्रुवाचं पाणी म्हणून गडूचा फोटो तुम्हालाही पाठवला.

पूजा झाली. मी पळीपळीने तीर्थ दिलं. शेजारच्या मावशी जतकडच्या, लहानपणी मेंढरांमागे पाणी शोधत हिंडलेल्या. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी त्यांनी थोडं बाटलीतही घेतलं.

"आवं ताई, किती जुनं म्हनायचं हे पानी?" त्यांनी तुमच्या आत्याला विचारलं.

आत्याने गडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. मी पोळीवर तूप वाढत राहिले.

"लय जुनं, मावशी," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने चिंच लावून गडू घासला, पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी कामावर निघून गेली. आयुष्यभर जी नोंद चुकू देत नाही, तिला मी चारचौघांत खोटं बोलायला लावलं, आणि तेही पाहुण्यांसमोर माझा मान राहावा म्हणून.

शेवटी मी मावशींकडे गेले. बाटली देव्हाऱ्यात होती, तिला हळदकुंकू वाहिलेलं. मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या.

"मला वाटलंच. चव आपल्या नळाची हुती." मग त्यांनी बाटली तुळशीत ओतली. "पन बाई, लेकीला कशाला खोटं बोलाय लावलंसा?"

त्या दिवसापासून मी एकेका घरी जाऊन सांगते आहे. काही बायका हसतात, एकीने मला दारातूनच परत पाठवलं. आत्यालाही मी फोनवर हे कळवलं.

"अजून किती घरं राहिली?" तिने विचारलं.

मी मोजली. त्यातलं एक तुमचं होतं.