खरखरचाचा आणि वीस कन्व्हर्टर

गाणं ऐकताना खरखरचाचांनी मान डोलावल्याचं चिखलीत कोणी पाहिलेलं नाही. गाण्यात त्यांना रसच नव्हता. त्यांचे कान गाणं जिथे थांबतं त्या जागेवर असत. "दोन शब्दांच्या मधात काय वाजते ते ऐक, भाऊ. शब्दात तं कोनीबी लपते," असं ते म्हणत. आधी रेडिओ, मग टेप, मग सभांचे माइक आणि शेवटी मोबाइल, अशी सगळ्या यंत्रांची खरखर त्यांनी एकाच टेबलावर काढली. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं, कारण दुकानाला पाटीच नव्हती.

मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. गावातल्या एका दानशूर गृहस्थांनी आमच्या अंध विद्यार्थ्यांसाठी वीस मोबाइल, वीस इअरफोन आणि वीस कन्व्हर्टर दिले. नव्या फोनला इअरफोनचं गोल भोक नसतं, म्हणून चार्जिंगच्या भोकात बसणारी ही बोटभर वायर. दान मोठं होतं, दात्याचा फोटो त्याहून मोठा. पहिल्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्यांतल्या वैशालीने इअरफोन काढून ठेवला. वयाच्या अटीमुळे बँकेच्या परीक्षेची ही तिची शेवटची संधी होती आणि रोज सहा तास धडे ऐकणं हाच तिचा अभ्यास.

"सर, आतमधी कोनीतरी पापड मोडून राह्यलं," ती म्हणाली. "तासाभरात डोकं ठणकते."

"फुकटात मिळालंय, जरा जुळवून घ्यायला सांगा," आमचे अध्यक्ष म्हणाले. मी एक संच घेऊन चाचांकडे गेलो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा चाचांचा नियम. मी घाईने फोनही बदलला आणि इअरफोनही, तेव्हा हातावर चापट बसली. "दोनी बदलले तं चोर कोन हे कसं समजन बे?" पन्नाशीच्या ग्रंथपालाला 'बे' म्हणणारा गावात हा एकच माणूस.

पहिला चोर मीच निघालो. कन्व्हर्टरला दोन तोंडं होती, एक इअरफोनसाठी आणि एक चार्जरसाठी. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लाइट आहे तोवर फोन चार्जिंगला लावून ठेवणं हा आमचा धर्म. मुलं ऐकत असतानाही मी सगळे फोन लावूनच ठेवत असे. चाचांनी चार्जर उपटला आणि मागची घुंई बंद झाली. मग त्यांनी फोनमधली बॅटरी वाचवायची सोय बंद केली. पापड तरीही मोडतच होते. शेवटी त्यांनी स्वतःचा कन्व्हर्टर लावला आणि आवाज धुतल्यासारखा स्वच्छ झाला. मग तीन दिवस बसून त्यांनी वीसही कन्व्हर्टर एकेक करून ऐकले.

"सतरा बाद," ते म्हणाले. "सांगून टाक तुह्या अध्यक्षाले."

मी सांगितलं. अध्यक्षांनी लोकार्पण सोहळ्याची तारीख सांगितली.

सोहळ्याला माइक चाचांचाच होता. भाषणं झाल्यावर अध्यक्षांनी त्यांना 'तज्ज्ञ' म्हणून दोन कौतुकाचे शब्द बोलायला सांगितलं. शाल तयार होती. चाचांनी दानातला एक फोन दानातल्याच कन्व्हर्टरने स्पीकरला जोडला आणि वैशालीचा धडा लावला. सभागृहभर पापड मोडू लागले.

"चाचा, तुमचा माइक बिघडलाय वाटतं," दाते हसत म्हणाले.

"माइक माहा हाय, साहेब. थो नाई बिघडत."

त्यांनी तो कन्व्हर्टर काढून आपला लावला. धडा वाचणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला. "एकच गोष्ट बदलली म्या. चोर कोन, तुमीच सांगा."

मागच्या रांगेत आमची मुलं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजच्या दिवस तरी सांभाळून घ्यायचं होतं!" अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. माइक चालू असल्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं.

"काऊन? परीक्षा पोरीले देयाची हाय. मले का शाल पांघरून पास होयाचं हाय?"

पंधरा दिवसांत सतरा कन्व्हर्टर बदलून आले आणि 'दात्यांची तत्परता' अशी बातमी छापून आली. त्यानंतर गावातल्या एकाही सभेला चाचांचा माइक लागला नाही. विचारलं तर म्हणत, "बरं झालं. भाषणं ऐकून कान खराब होऊन राह्यले होते." वैशाली आता देऊळगाव राजाला बँकेत आहे.

गेल्या वर्षी चाचा वारले. वाचनालयात शोकसभा झाली. बाहेरून मागवलेला माइक सुरुवातीपासून किंचाळत होता. त्यातूनच अध्यक्षांनी लिहून आणलेलं वाचलं, "सर्वांना सदैव सहकार्य करणारे, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व..."

वैशाली उभी राहिली. माइक तिने घेतलाच नाही.

"नाही साहेब. चाचांनी सहकार्य केलं नाही. म्हणून मी पास झाली."

अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ नका."

मी घेतलं. अवतरणचिन्हांसह.