ओले ब्रेक
तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की मला माझ्या पाठवणीचा दिवस आठवतो. बाबा आलापल्लीकडे सवारी जीप चालवायचे आणि मला सासरी सोडायलाही त्यांचीच जीप निघाली होती. वाटेतल्या नाल्यावर पूल नव्हता, वैशाखातही चाकं बुडतील एवढं पाणी होतं. पाण्यातून निघालं की ब्रेक ओले होतात, लागत नाहीत. म्हणून बाबा पुढे काही वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून जीप हळू चालवत, घासून घासून ते वाळत आणि वाळले की हा वास येई. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून मला तो पाठ झाला होता. त्या दिवशीही वास आला, पण जीपचा वेग काही वाढेना. पानं झडलेल्या सागांमधून ऊन सरळ आमच्या अंगावर येत होतं. मागून सासरे म्हणाले, "भाऊ, काऊन इतकी हळू चालवून राह्यले?" बाबा समोर बघतच म्हणाले, "ब्रेक ओले हायेत." "मंग हा जळका वास कायचा?" नवी नवरी बोलत नसते, तरी मी पदराआडून म्हटलं, "अजून वाळले नाई, मामाजी." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पायही उचलला नाही. परवा लेक तिच्या हायब्रिड गाडीतून मला चंद्रपूरच्या स्टँडवर सोडत होती, अगदी रांगत. "काऊन गं इतकी हळू?" "आई, हळू असताना हिचे ब्रेक एकदम पकडतात. सवय नाई झाली अजून." गाडी घेऊन वर्ष उलटून गेलंय. मी म्हटलं, "हो बाई, हळूच चालव."