दगडाभोवतीचं कडं

काचेची बशी मी खिडकीपाशी धरली आणि मला हसू आलं. बशीत दुधट पांढरा थर होता. त्यात आम्ही फॉस्फेटच्या दगडाची पूड मिसळली होती. खताच्या कारखान्यानं हलक्या प्रतीचा म्हणून नाकारलेला दगड. त्या पांढऱ्यात जिवाणूंचा मोहरीएवढा ठिपका दिसत होता आणि त्याच्याभोवती स्वच्छ, आरपार कडं. तेवढा दगड त्यांनी विरघळवला होता.

आमच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी काही दिसलं नाही, तर बशी धुवायला जाते. आज नववा दिवस. बशा धुणाऱ्या शेवंताबाईंनी तिसऱ्या दिवशीच विचारलं होतं, "टाकू का ही धुवायला?" मी म्हटलं, "राहू द्या." प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "दगड विरघळायला जहाल आम्ल लागतं. हे जंतू काय करणार?"

जंतूंनी वाद घातला नाही. अंगातलं जरासं आंबट सोडत ते दगडाला चिकटून राहिले. माझ्या हाडांतला फॉस्फरसही कधीतरी असाच दगडात अडकलेला असणार. डोळ्यांना न दिसणाऱ्या कुणीतरी तो सोडवून मुळांना दिला, म्हणून तो भाकरीतून माझ्यापर्यंत आला. आणि आम्ही त्यांना मुदत देतो तीन दिवसांची. जो दगड व्हायला युगं लागली, तो विरघळायला नऊ दिवस लागले तर बिघडलं कुठे?

मागून सरांचा आवाज आला. "ही अजून धुतली नाही?"

"नाही," मी म्हटलं, "आणि धुणारही नाही."

शेवंताबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.