सात मारी, एक मत

अंधेरी स्टेशनाबाहेर मला न्यायला घोडागाडी उभी होती. गाडीला फुलांची माळ आणि घोड्यालाही. घोड्याने स्वतःची वाटेत खाऊन टाकली, अक्कल त्यालाच जास्त. एका मासिकात मी नागरिकाच्या कर्तव्यावर लेख लिहिला, एवढ्या पुण्याईवर हा मान! अल्पसंख्याकांनी मतदार व्हावं, निवडणुकीला उभं राहावं म्हणून झटणाऱ्या इथल्या मंडळाचा वर्धापनदिन होता, आणि प्रमुख पाहुणा मी, पुण्याचा शाळामास्तर.

बाजार संपला की लगेच भातखाचरं लागतात. आरे कॉलनीची दुधाची मोटार शेजारून गेली आणि माझ्या नव्या धोतराची वाट लागली. मग गावठाण (मूळ वस्ती) आलं. तोंडाशी पांढरा क्रूस, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. इथले लोक ख्रिस्ती. पण बायका लुगडी नेसतात आणि भांडतात अस्सल मराठीत. पुण्यात सांगितलं तर थाप मारतो म्हणतील.

मंडळाची स्वयंसेविका इझाबेल हिने मला फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) वाढले. भाजीची पाटी विकून झाली की ही बाई दारोदार हिंडून मतदारांचे अर्ज भरून घेते.

"मास्तर, आमच्या गावात मारी परेरा सात व्हत्या," ती म्हणाली. "गेल्या टायमाला कारकुनानं एक ठेवली न् सा खोडल्या. नाव एक, आडनाव एक, म्हंजे बाय पन एकच!"

मी खो खो हसलो. ती हसली नाही.

"आता खोडलेल्या सगल्यांचा नीट लिवलाय. नवऱ्याचा नाव, घराचा नाव. पन आज शेवटचा दिस. पाचला कचेरी बंद. अध्यक्षसाहेबांची सही तेवढी ऱ्हायली."

"मग घ्या की!"

"ते मंचावर करनार. फोटूवाला बोलावलाय."

खरंच, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाखाली छापलं होतं: अर्जांवर समारंभपूर्वक स्वाक्षरी.

"धा मिनटांत आटपा हां, मास्तर."

"आठ!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

समारंभ सुरू झाला. खुर्च्या देणाऱ्याचा सत्कार झाला, कर्णा देणाऱ्याचा झाला, अध्यक्षांनी स्वतःचाही करवून घेतला. गावभर चपला झिजवलेली इझाबेल 'आणि इतर' यांत आली. चार वाजून गेल्यावर मी उठलो आणि अथेन्सपासून सुरुवात केली. अथेन्सहून अंधेरीला यायला वेळ लागतोच! इझाबेल अर्जांचं गाठोडं छातीशी धरून मंचाखाली उभी होती. मला ती दिसत होती. पण टाळ्या पडल्या की माझी जीभ सुटते, हा जुना रोग. "मत म्हणजे तुमचा श्वास!" असं मी तिच्याकडेच बघून म्हणालो. तिने घड्याळाकडे बोट केलं. मी आणखी एक दाखला दिला.

मी बसलो तेव्हा पाचला दहा कमी होते. अध्यक्षांनी झोकात सह्या केल्या. फोटोचा दिवा उडाला नाही, म्हणून पहिल्या अर्जावर दोनदा. इझाबेल धावत सुटली. माझी मलाच लाज वाटली. तिला घोडागाडीत घेतलं आणि आम्ही निघालो.

कचेरीला कुलूप लागत होतं. कारकून छत्री घेऊन पायरी उतरत होता.

"वेळ संपली, बाई. पुढच्या निवडणुकीला या."

मी पुढे होऊन मी कोण ते सांगितलं, उशीर माझ्या भाषणामुळे झाला तेही सांगितलं.

"मग लवकर संपवायचं होतंत," तो म्हणाला आणि निघून गेला.

इझाबेल पायरीवरच बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "निदान एका मारीचं नाव तरी आहे ना यादीत?"

"हाय की. विहिरीवरच्या मारीचा. ती पावसाळ्यात वारली."

पदराने तोंड पुसून ती उठली. मी गाडीत बसायचा आग्रह केला. नको म्हणाली, चालत जाईन. जाताना वळली. "भाषन मात्र बरा झाला तुमचा," म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुण्याला पोचलो तर बायकोने विचारलं, भाषण कसं झालं? लांबलं, एवढंच सांगितलं. इथल्या यादीत माझं नाव आहे, एकदाच आहे, आणि तो मीच का, असं मला कुणी कधी विचारलेलं नाही. गेल्या निवडणुकीत केंद्रावर रांग मोठी होती, म्हणून मी मत न देताच घरी परत आलो होतो.