बँकेतून झाकणांकडे

नोकरी बदलली की पगाराची स्लिप बदलते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किस्से किती वाढतात, ते कुणी सांगत नाही! बँकेत मी बावीस वर्षं काढली, पण तिथले किस्से एका हाताच्या बोटांवर संपतात. कारण बँकेत काही वेगळं घडलंच, तर त्याचा किस्सा होत नाही, चौकशी होते. आणि इकडे तारापूरच्या एमआयडीसीत आले, तर सहा महिन्यांत इतके साठले की रविवारी मी चहाचं आधण ठेवायच्या आतच मैत्रिणी विचारतात, "हं, या आठवड्यात काय?"

*

सुरुवात राजीनाम्यापासूनच झाली. पालघर शाखेची मॅनेजर होते, अजून दोन बढत्या समोर दिसत होत्या. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"कुठे चाललात? प्रायव्हेट बँक?"

"नाही सर. झाकणांची कंपनी आहे."

"कसली झाकणं?"

"औषधाच्या बाटल्यांची. क्लायंट रिलेशन्सची हेड म्हणून."

साहेबांनी केबिनचं दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. मलाच बसल्या जागी लोकांना 'नाही' म्हणायचा कंटाळा आला होता.

*

नव्या नोकरीतला पहिलाच फोन मेहतांचा. मेहता म्हणजे आमचा सगळ्यात मोठा कस्टमर, सिल्वासाला औषधाचा कारखाना. मराठी छान बोलतात, फक्त मध्येमध्ये 'बेन' घालतात.

"बेन, बारा बॉक्स भिजून आलेत. काय करायचं?"

बावीस वर्षांचं तोंड ते! विचार करायच्या आत बोलून गेलं, "एक लेखी अर्ज द्या. दोन प्रतींत."

मेहता ओरडले, "अर्ज? अरे बेन, कस्टमर मी आहे!"

समोरच्या टेबलवरची अकाउंटंट तोंडावर फाइल धरून हसत होती. आमचे मालक चुरी सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, सहा महिने प्रोबेशन आहे, तेवढ्यात सवय मोडा." बॉक्स त्याच दिवशी बदलून पाठवले.

*

सवय काय अशी मोडते! महिनाभराने मेहता हायवेनं मुंबईला चालले होते. म्हणाले, मनोरला हॉटेलवर दहा मिनिटं भेटू. भेट मीच मागितली होती, म्हणून अर्धा तास आधी जाऊन भिंतीकडची खुर्ची धरून बसले. मेहता आले, उभे राहिले. मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "बसा. बोला, काय काम होतं?"

मेहता बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "काम तुमचं होतं, बेन."

त्या दिवशी मी खरंच लाजले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "मलाही तू रोज असंच विचारतेस."

*

कारखान्यातली माझी आवडती जागा म्हणजे तपासणीचं टेबल. मशीनमधून झाकण निघालं की आधी कॅमेऱ्याखालून जातं आणि मग या टेबलावर येतं. तिथे आठ बायका बसतात, बहुतेक शेजारच्या कुंभवली गावच्या. त्यांची म्होरकी सुमनताई. प्रत्येक झाकणाच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवायचा, धार लागली की बाजूला टाकायचं. ती धार कॅमेऱ्याला दिसत नाही, पण तिच्यामुळे बाटली गळते. गप्पा चालू, नजर खिडकीबाहेर, आणि अंगठा आपला कामात.

मी फुशारकीनं म्हटलं, "सुमनताई, मी पाच वर्षं कॅश काउंटरवर होते. खोटी नोट अंगठ्याला कळायची माझ्या."

"मंग बसा की!" तिनं दहा झाकणं समोर ठेवली. त्यातली चार खराब होती. मी दोन काढली, आणि दोन्ही चांगली निघाली.

सगळं टेबल हसायला लागलं. सुमनताई म्हणाली, "म्याडम, तुमी आंगठा फिरवता, पन बगता डोल्यांनीच. नोटेचं ठीक हाय. झाकनाला डोले कामाचे नाय."

तेव्हापासून रोज दुपारच्या चहानंतर दहा मिनिटं मी त्या टेबलावर बसते. अजून दहातली दोन चुकतात.

*

सहाव्या महिन्याच्या शेवटी मात्र हसू पळालं. मेहतांकडे एक लॉट गेला आणि त्यांच्या बाटल्या गळायला लागल्या. मेहतांनी फोनवर आवाजही चढवला नाही. म्हणाले, "बेन, मी दुसरी कंपनी बघतोय. सोमवारी येऊन सांगतो."

आमचं निम्मं काम मेहतांचं. चुरी सर म्हणाले, "ते गेले तर दुसरी लाइन बंद करावी लागेल. टेबलही बंद. उरलेल्या मालाला कॅमेरा पुरे." म्हणजे आठही जणी घरी. माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं, तेव्हा नववी मी!

झालं काय होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी ट्रक दारात उभा होता, म्हणून चुरी सरांनीच टेबल वगळून माल थेट भरायला लावला होता.

"मेहतांना सांगा, ट्रान्स्पोर्टमध्ये झाकणं दबली," चुरी सर म्हणाले.

चूक कधी तोंडानं कबूल करायची नाही, हे तर बँकेनं मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. रविवारी मैत्रिणी आल्या, पण मी एकही किस्सा सांगितला नाही.

*

सोमवारी मेहता आले. चुरी सरांच्या केबिनमध्ये बसले, खिशातून एक झाकण काढून टेबलावर ठेवलं. "नव्या कंपनीचं सॅम्पल." रंग तोच, माप तेच, वर चकाकी जास्त. मी हातात घेऊन बघितलं, मला काही खोट दिसली नाही. मेहतांनी ते परत खिशात टाकलं. "आता सांगा, माझ्या लॉटचं काय झालं?"

चुरी सरांनी माझ्याकडे बघितलं.

"आमची चूक झाली," मी म्हटलं. "घाईत तपासणीचं टेबल वगळलं. ते टेबल बघितल्याशिवाय तुम्ही जाऊ नका."

चुरी सरांचा चेहरा उतरला. मेहता मात्र उठले.

टेबलाशी गेल्यावर त्यांनी शंभर चांगली झाकणं ट्रेमध्ये मागून घेतली. गळक्या लॉटमधली पाच पिशवीतून बरोबर आणली होती. आमच्याकडे पाठ करून त्यांनी ट्रे कालवला आणि सुमनताईपुढे सरकवला.

सुमनताईनं खिडकीबाहेर बघत अंगठा चालवला. मध्येच मेहतांना विचारलं, "साहेब, जेवला का नाय?" आणि ट्रे संपवून बाजूला काढलेली झाकणं त्यांच्यापुढे ठेवली.

मेहतांनी मोजली. "मी पाच खराब टाकली होती, बेन."

"सा हायत," सुमनताई म्हणाली.

चुरी सरांनी डोळे मिटले.

मेहतांनी त्या सहातलं एक उचललं. चकाकी जरा जास्त होती. आतल्या कडेवरून स्वतःचा अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि झाकण सकाळी जिथून काढलं होतं, त्याच खिशात टाकलं. मग माझ्याकडे वळले.

"बेन, पुढच्या महिन्याची ऑर्डर द्यायची आहे. अर्ज कुणाच्या नावानं लिहू? दोन प्रतींत ना?"