प्रवचनात हशा

बाबांनी नागपुरात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि तेवढीच वर्षं देवाशी अबोला धरला. देवळात ते गेले ते फक्त तिथला लाउडस्पीकर बिघडला म्हणून. आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, शॉमबर्गला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि सात स्क्रू ड्रायव्हर होते.

माझ्या घरात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. इथे वस्तू बिघडली की फेकतात. पहिल्याच महिन्यात बाबांनी चांगला चालणारा टोस्टर उघडला, तो बंद पडला, मग दिवसभर बसून तो पुन्हा चालू केला. त्या रात्री ते एक पोळी जास्त जेवले.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या अमेरिकन आजी वॉकर धरून उभ्या. वय अठ्ठ्याऐंशी, घरात एकट्या, पण ओठांवर लिपस्टिक. गुडघे गेल्यापासून त्यांचं चर्चला जाणं थांबलं होतं, त्यामुळे चर्चच रेडिओवरून त्यांच्याकडे यायचं. एक छोटंसं स्टेशन दर रविवारी सत्तर वर्षांपूर्वीचा अख्खा रविवार वाजवायचं. सकाळी ऑर्गन आणि प्रवचन, दुपारी विनोदी कार्यक्रम, संध्याकाळी खून, पिस्तुलं आणि गुप्तहेर. तरुणपणी आजी जे ऐकायच्या, तेच सगळं, त्याच क्रमाने.

"माझा रेडिओ मेला," आजी म्हणाल्या. "आणि वीस मिनिटांत प्रवचन सुरू होतंय."

"मी फोनवर लावून देते ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तीर्थ कोकच्या कॅनमधून देत होते.

तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय म्हणून राहिली बाई?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "व्हॉल्व्हचा आहे का, विचार."

व्हॉल्व्हचाच होता, आत काचेच्या नळ्या असलेला जुना. लाकडी, छोट्या कपाटाएवढा. आजींच्या घरी जाऊन बाबांनी मागचं झाकण काढलं, धूळ फुंकली, नाक आत घालून वास घेतला, मग बोट घातलं. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस प्लग काढायला विसरला होता. बाबा उडाले, आजी किंचाळल्या.

"शॉकपण अर्धाच देतात इथे," बाबा बोट झटकत म्हणाले. "आपल्याकडचा असता तर मी त्या भिंतीवर असतो."

कंडेन्सर गेला होता. त्या रविवारचं प्रवचन बुडालं. मी नवा कंडेन्सर मागवला आणि सोल्डरिंग आयर्नही, कारण बाबांनी सोबत आणलेलं इथल्या निम्म्या दाबाच्या विजेवर जेमतेम कोमट व्हायचं. पुढच्या रविवारी, दहाला पाच कमी असताना रेडिओ आधी गुरगुरला, मग खाकरला आणि ऑर्गन वाजायला लागला. आजींनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं. आता पळता येणार नव्हतं. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाबांनी आयुष्यातलं पहिलं प्रवचन ऐकलं. विषय होता नरक.

"हा एवढा काहून ओरडून राहिला?" बाबा कुजबुजले. त्यांची कुजबूज रस्त्यापर्यंत जाते, म्हणून मी आजींना भाषांतर करून सांगून टाकलं.

"आम्ही मुली शनिवारी नाचायला जायचो ना, म्हणून," आजी म्हणाल्या. "तेव्हा हे ऐकून मी फार घाबरले होते. पुढच्या शनिवारी दहा मिनिटं उशिरा गेले."

त्यानंतर दर रविवारी बाबा केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून 'रेडिओ तपासायला' जायला लागले. दुपारच्या विनोदी कार्यक्रमातलं त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण रेडिओतले लोक हसले की सेकंदभराने तेही हसायचे. आजींची कॉफी त्यांना औषधासारखी लागायची. तरी दोन कप प्यायचे.

जानेवारीत एका रविवारी स्टेशनवाल्यांनी घोळ घातला. प्रवचन ऐन रंगात असताना दुपारचा कार्यक्रमही त्याच्यावरच सुरू झाला. प्रवचनकार गरजले, "तुमच्यापैकी पापी नाही असा कोण आहे?" आणि तीनेकशे माणसं खदाखदा हसली.

आजी ताठ झाल्या.

"मरणानंतर तिकडे तुमची वाट कोण पाहत असेल?" प्रवचनकारांनी विचारलं.

"माझी सासू!" एक चिरका आवाज म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट.

सासूचा इंग्रजी शब्द बाबांना येत होता. ते फुटलेच. कॉफी शर्टावर, डोळ्यांतून पाणी, खुर्ची करकरतेय. "बाबा, पुरे!" मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी जोरात हसले. तेव्हा आजींनी शांतपणे पाय उचलला आणि बाबांच्या नडगीवर सणसणीत लाथ हाणली.

बाबा नडगी चोळायला लागले.

"माझा नवरा चर्चमध्ये असाच हसायचा," समोर बघत आजी म्हणाल्या. "बावन्न वर्षं मी त्याला अशीच लाथ मारली." आणि मग त्यांचेच खांदे हलायला लागले. स्टेशनवरच्या कुणीतरी ओशाळून माफी मागितली, प्रवचन पहिल्यापासून लावलं, पण ते कोण ऐकतंय! दोघं एकमेकांकडे बघायचे आणि पुन्हा सुरू.

घरी येताना बर्फातून जपून पावलं टाकत बाबा म्हणाले, "तुझी आई चिमटा काढायची. सत्यनारायणाच्या कथेत. दंड काळानिळा व्हायचा माझा." आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढला तो हा पहिल्यांदा. घरी पोचेपर्यंत ते आणखी तीन कथांमधले चिमटे सांगत राहिले.

मार्चमध्ये ते परत निघाले. आदल्या दिवशी आजींनी त्यांचे हात धरून डोळे मिटले आणि विमान सुखरूप पोचावं म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. चांगली लांबलचक. हवामान, पायलट, इंजिनं, सगळं देवाच्या कानावर घातलं. बाबा मान खाली घालून बसले होते. 'आमेन' झाल्यावर मला म्हणाले, "तिला सांग, इंजिनाचं मेकॅनिक लोक बघतात. देवाला कशाला त्रास?"

"बाबा थँक्यू म्हणतायत," मी आजींना सांगितलं.

"एवढंच नाही म्हणाला तो," आजी म्हणाल्या आणि त्यांनी बाबांचे हात आणखी थोडा वेळ धरून ठेवले.