मार्क पोलिसाला

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माझ्या गाडीत ते आपोआप साठतात, सीटखालच्या शेंगांच्या टरफलांसारखे. कितीही झटका, पुढच्या वळणावर दोन-चार निघतातच!

नंदनवन नावाच्या वस्तीत माझं छोटंसं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक पांढरी गाडी, तिला माझ्या बाजूनेही एक ब्रेक, आणि शिकवायला मी आणि मेश्राम काका. लोकांना वाटतं, मॅडमकडे गाडी ठोकल्याचे किस्से असतील. ते तर कोणाकडेही असतात हो. आमचे किस्से गाडी थांबवल्याचे आहेत.

मेश्राम काका ट्रॅफिकचे निवृत्त हवालदार. मूळचे पारशिवनीकडचे. सगळी नोकरी चौकात उभं राहून लोकांना थांबवण्यात गेली. निवृत्त झाले आणि ती सवय घरी घेऊन आले. शेवटी काकूच माझ्याकडे आल्या.

"मॅडम, याहिले कुठंतरी कामाले लावा वं! मी सैपाकघरात जातो म्हटलं तं हे मले हात दाखवून राहिले!"

दुसऱ्या दिवशी काका "जय भीम मॅडम" म्हणत हजर झाले. शिट्टी खिशात होतीच.

*

थांबायचा क्लास आम्ही ठरवून सुरू केला नाही. तो एका डेंटिस्ट बाईंमुळे सुरू झाला. रोज लोकांच्या दाढा उपटणारी बाई, हातात पक्कड घेतली की समोरचा थरथर कापतो. पण चौकात शिपायानं हात वर केला आणि बाईंचा धीर सुटला. चालत्या गाडीचं दार उघडून त्या सरळ खाली उतरल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या! गाडी मी माझ्या ब्रेकवर कशीबशी धरली.

शिपाई बिचारा धावत आला. "अहो ताई, मी मागच्या ऑटोवाल्याले हात केला होता!"

काका मागच्या सीटवर होते. स्कूलपाशी उतरताना म्हणाले, "मॅडम, आपण लोकायले गाडी चालवणं शिकवून राहिलो. थांबणं कोन शिकवंल?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी स्कूलमागच्या ले-आउटमध्ये, म्हणजे रिकाम्या प्लॉटांवर, क्लास भरतो. काका शिट्टी मारतात. शिकणाऱ्यानं गाडी डाव्या बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चाबी स्वतःच्या मुठीत ठेवायची, काच खाली करायची. हात जोडायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही. लायसन्स मागितलं तर द्यायचं. आणि मग शांतपणे विचारायचं, "साहेब, काहून थांबवलं?"

क्लास संपला की काका मार्क देतात, दहापैकी. आणि गंमत अशी की ते मार्क ड्रायव्हरला नसतात, पोलिसाला असतात! पोलीस कधी काकांच्या ओळखीतला कोणी होतो, कधी काका; स्वतः झाले तर मार्क स्वतःलाच देतात. सहाच्या वर कधी गेले नाहीत.

मी एकदा विचारलं, असं काहून?

"ड्रायव्हरले काय मार्क द्याचे? तो तं बिचारा भेलेला राह्यते. परीक्षा वर्दीची असते."

*

या क्लासचे सगळ्यात उत्साही विद्यार्थी म्हणजे पांढरीपांडे साहेब. बँकेतून निवृत्त झाले आणि मुलगा परदेशी गेल्यावर त्याची गाडी दारात उभी राहिली, म्हणून शिकायला आले. गियरपेक्षा कायदा जास्त पाठ! घटना, मूलभूत अधिकार, व्यक्तिस्वातंत्र्य, हे सगळं ते दुसऱ्या गियरमध्येच सांगून टाकतात.

त्यांनी पहिल्याच दिवशी काकांना गाठलं. "मला सांगा हवालदार, गाडीची चाबी काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार होता?"

"काहीच नव्हता," काका म्हणाले. "म्हणून तं पटकन काढत होतो!"

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. एकदा एका दूधवाल्याची चाबी काढून काका झाडाखाली जाऊन उभे राहिले. येईल आता विनवण्या करत, म्हणून वाट पाहत होते. दूधवाल्यानं कमरेची दुसरी चाबी काढली, गाडीला किक मारली आणि कॅन वाजवत निघून गेला. काका हातातली चाबी पाहत राहिले.

"त्या दिवशी समजलं साहेब, चाबी आपल्यापाशी असली म्हणजे गाडी आपली होत नाही."

*

पांढरीपांडे साहेबांना क्लास इतका आवडला की एक दिवस भलतंच झालं. भर चौकात खऱ्या हवालदारानं त्यांना थांबवलं. साहेबांना वाटलं, काकांनीच कोणीतरी नवीन माणूस आणला आहे! त्यांनी गाडी झकास बाजूला घेतली, काच खाली केली आणि हवालदाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"टोपी सरळ करा. छातीवरची नावाची पट्टी कुठे आहे? आणि थांबवल्याचं कारण तुम्ही आधी सांगायचं, मी विचारायची वाट पाहायची नाही. दहापैकी चार!"

हवालदारानं नकळत टोपी सरळ केली. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "मॅडम, हे कोण साहेब आहेत? डिपार्टमेंटचे का?"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

*

त्याच सुमारास शेफाली आली. शेफाली मंडल. इतवारीच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर सोन्याचं बारीक काम करतात ना, तिचा नवरा त्यांच्यातला. वर्षानुवर्षं ज्योतीपुढे बसून त्याचे डोळे गेल्यात जमा होते. आता तिला ई-रिक्षा चालवायची होती. घर त्या रिक्षावरच उभं राहणार होतं, म्हणून आधी गाडीचं लायसन्स हवं होतं. इतकी वर्षं इतवारीच्या गल्लीत काढून बाई आपल्यासारखंच बोलते, फक्त घाईत असली की मध्ये हिंदी येते.

गाडी काय चालवते म्हणून सांगू! हात असा हलका की मागच्या सीटवरचा माणूस पेंगावा. पण खाकी दिसली की तिचा पाय क्लचवरून सुटायचा आणि गाडी धक्का खाऊन बंद पडायची. आरटीओचे इन्स्पेक्टरही खाकीतच असतात. टेस्टला ते शेजारी येऊन बसले आणि गाडी जागेवरच बंद पडली. नापास!

कारण तिनं मला नंतर सांगितलं. काही महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला कारखान्यातून उचलून नेलं होतं. व्हेरिफिकेशन म्हणे. गावाकडून कागद येईपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं, कागद आल्यावर सोडून दिलं. का नेलं ते नेताना कोणी सांगितलं नाही आणि सोडतानाही नाही. मारलं नाही, शिवी दिली नाही. "पण मॅडम, तो आता दाराची कडी वाजली तरी उभा राहतो," ती म्हणाली. मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

*

शेफालीसाठी काकांनी क्लासची पद्धत बदलली. म्हणाले, आता पोलीस तुम्ही व्हायचं, पाळीपाळीनं. शिट्टी आणि आपली जुनी पोलिसी टोपी आधी पांढरीपांडे साहेबांना दिली. साहेबांनी टोपी चढवली आणि शेफालीची गाडी थांबवली.

मी हसायच्या तयारीत होते. पण टोपी डोक्यावर गेली आणि साहेबांचा आवाजच बदलला.

"लायसन्स! नाव काय? मंडल? म्हणजे कुठची? आधार दाखव. आधार काय, कोणीही बनवतं! बांगलादेशी तर नाहीस?"

गाडी बंद पडली. शेफालीनं कारण विचारलं नाही. गळ्यातल्या ओढणीखाली एक प्लास्टिकची पिशवी होती, तिची चेन उघडून तिनं सगळं बाहेर काढलं. आधार, मतदार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, सासऱ्याच्या जमिनीचा कागद, सगळं लॅमिनेट केलेलं. गाडी शिकायला येतानाही बाई हे गळ्यात घालून येत होती!

साहेबांच्या दोन्ही हातांत ते कागद आले आणि साहेब मूर्तीसारखे उभे राहिले.

"कारण सांगा साहेब," काका म्हणाले. "काहून थांबवलं तिले?"

साहेबांनी टोपी काढली. "मी... मी तर नुसती अ‍ॅक्टिंग करत होतो."

"मीही तीस वर्सं तेच समजत होतो," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मार्क दिले नाहीत.

पुढच्या रविवारी साहेब येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. शेफालीसाठी घरून पाण्याची थंड बाटली घेऊन आले, पण ती द्यायची कशी ते त्यांना सुचेना. शेवटी माझ्या हाती दिली.

*

मग शिट्टीची पाळी शेफालीची. टोपी तिला मोठी होत होती. आम्ही एकामागून एक तिच्यासमोरून गाडी नेली. मी गेले, साहेब गेले. काका तर मुद्दाम हॉर्न वाजवत, बिना बेल्टचे गेले. बाई शिट्टी हातात धरून नुसती बाजूला उभी!

"अवं थांबव ना कोनाले तरी!" काका ओरडले.

"कोणाले थांबवू?" ती म्हणाली. "सगळे घरी चालले."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

शेफालीची दुसरी टेस्ट जवळ आली होती. रविवारी सकाळी तिला शहराबाहेरच्या रस्त्यावर नेलं. मागे पांढरीपांडे साहेब आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते, मॉर्निंग वॉकची हाफपँट घालून. पुढे नाकाबंदी होती. कडुनिंबाखाली जीप, जीपमध्ये मोठे साहेब, आणि बॅरिकेडपाशी एक नवखा शिपाई. त्यानं हात वर केला.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गरज पडली नाही. शेफालीनं गाडी डाव्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चाबी मुठीत घेतली, काच खाली केली.

"नमस्कार साहेब. काहून थांबवलं?"

"लायसन्स." तिनं लर्निंग लायसन्स दिलं. त्यानं नाव वाचलं. "मंडल? कुठच्या?"

"इतवारी."

"ते नाही. मूळच्या?"

"माल्दा. बंगाल."

शिपायानं जीपकडे पाहिलं. जीपमधून नुसती मान हलली. "खाली उतरा. चौकशी करायची आहे."

मी तोंड उघडायच्या आत मागचं दार उघडलं. पांढरीपांडे साहेब हाफपँटमध्ये शिपायासमोर जाऊन उभे राहिले. "आधी माझी चौकशी करा. माझ्याजवळ आधार नाही, लायसन्स नाही, पाकीटही नाही. मी या देशाचा आहे असा एकही कागद माझ्याजवळ नाही!"

शिपाई अगदी अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही बसा ना गाडीत. तुमचं काय पाहायचं!"

पांढरीपांडे साहेबांनी शेफालीकडे बोट दाखवलं. "अरे, तिच्याजवळ पिशवीभर आहेत रे," ते म्हणाले.

शेफालीचा हात ओढणीखाली गेला होता. पिशवीच्या चेनपाशी तो थांबला. मग परत स्टिअरिंगवर आला.

"लायसन्स पाहिलं तुम्ही साहेब. उतरायचं तर उतरते मी. पण काहून, ते सांगा."

वाक्य तिनं पूर्ण केलं. शिपायानं पुन्हा जीपकडे पाहिलं. मोठे साहेब आता फोनवर बोलत होते. शिपायानं रुमालानं मान पुसली. लायसन्स या हातातून त्या हातात घेतलं.

"वरून सांगितलं आहे ताई," तो हळूच म्हणाला. "बंगाली बोलणारे दिसले की विचारायचं."

"मी तं मराठी बोलून राहिली."

त्यानं लायसन्स परत दिलं आणि बॅरिकेड स्वतःच बाजूला ओढलं.

शेफालीनं चाबी लावली. क्लच, पहिला गियर. खाकी अगदी काचेपाशी उभी होती, आणि गाडी लोण्यासारखी निघाली. बंद पडली नाही! माझा पाय मात्र स्कूल येईपर्यंत ब्रेकवरच होता.

स्कूलवर काका वाट पाहत होते. पांढरीपांडे साहेबांनी सगळी हकीकत एका दमात सांगितली. "शून्य! त्या पोराला शून्य द्या, हवालदार!"

"जिले थांबवलं, थेच मार्क देईल," काका म्हणाले. "किती देतं वं, शेफाली?"

ती साहेबांनी आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत होती. तिनं बाटलीचं झाकण लावलं, थोडा विचार केला.

"चार."

"चार?" साहेब उसळलेच. "अगं, चार कशाचे?"

"तो पण भेलेला होता ना, काका."